मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ईस्टर: मित्रमंडळींसह अंडी रंगवण्याची सविस्तर पद्धत

ईस्टरला अंडी रंगवण्याची रीत ज्या देशांत रुजली, तेथे मार्च-एप्रिलमध्ये थंडी नुकती ओसरत असते. रंगवलेली उकडलेली अंडी सकाळी टेबलावर मांडली, तरी दुपारपर्यंत त्यांना फारसे काही होत नाही. मराठवाड्यात मात्र याच दिवसांत पारा चाळिशीकडे सरकू लागतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे परदेशातील कृती जशीच्या तशी उचलून आपल्याकडे चालत नाही. दोन गोष्टी आधी ठरवल्या, तर मात्र हा सण आपल्या घरात फार चांगला साजरा होतो. खाण्याची अंडी कोणती आणि जपून ठेवण्याची कोणती, हे पहिल्याच दिवशी वेगळे करावे. आणि सगळा कार्यक्रम ऊन चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर बसवावा.

तारीख आणि आठवडा

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा चर्चचा नियम असल्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. पंचांग पाहणाऱ्या घरांना हे हिशेबाने लगेच कळेल, कारण ही पौर्णिमा बहुधा चैत्री असते आणि सण लवकर आला तर होळीची. २०२४ मध्ये २५ मार्चला धूलिवंदन झाले आणि ३१ मार्चला ईस्टर आला. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. मित्रांना बोलावण्यापूर्वी त्या आठवड्यात कोणाचा उपवास, कोणाची जयंती, कोणाची परीक्षा आहे हे पाहून घ्यावे.

ख्रिस्ती नसलेल्या यजमानांनी या आठवड्याचा क्रमही समजून घ्यावा. झावळ्यांच्या रविवारी पवित्र सप्ताह सुरू होतो. गुरुवारी शेवटच्या भोजनाची आठवण केली जाते, शुक्रवारी येशू ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाची, आणि रविवारी पहाटे पुनरुत्थानाचा आनंद. गुड फ्रायडे हा शोकाचा दिवस आहे. त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत आणि रंगकामाची मैफलही जमवू नये. रंगवण्यासाठी शनिवारची संध्याकाळ सर्वांत योग्य. रविवारी मात्र मोकळ्या मनाने शुभेच्छा द्याव्यात. ‘ख्रिस्त उठला आहे’ असे ख्रिस्ती मित्राने म्हटले, तर ‘खरोखर उठला आहे’ हे त्याचे जुने उत्तर आहे.

अंडीच का, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या मात्र अंडी देतच राहत, त्यामुळे ती साठत आणि उपवास सुटल्यावर आनंदाने वाटली जात. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत अंडे लाल रंगवतात आणि तो रंग ख्रिस्ताच्या रक्ताची खूण मानला जातो. बंद कवच म्हणजे कबर आणि त्यातून बाहेर येणारा जीव म्हणजे पुनरुत्थान, हा अर्थ मुलांनाही सहज कळतो.

अंडी निवडणे आणि उकडणे

रंगवण्यासाठी पांढऱ्या कवचाची, पोल्ट्रीची अंडी घ्यावीत. गावरान अंड्यांचे कवच बदामी किंवा तांबूस असते. त्यावर हळदीचा आणि कोबीचा रंग मळकट दिसतो, पण कांद्याच्या सालांचा लाल रंग अधिक खोल उतरतो. आठ-दहा जणांच्या गटाला तीस अंड्यांचा एक ट्रे पुरतो: साधारण वीस उकडण्यासाठी, आठ पोकळ करण्यासाठी आणि दोन फुटतील म्हणून. अंडी चार-पाच दिवस आधी आणून फ्रिजमध्ये ठेवावीत. अगदी ताज्या अंड्याचे साल पांढऱ्या भागाला चिकटून बसते आणि सोलताना लचके निघतात. अंडे पाण्यात सोडून पाहावे: आडवे बसले तर ताजे, उभे राहिले तर थोडे जुने पण वापरण्याजोगे, तरंगले तर टाकून द्यावे.

उकडण्यापूर्वी अंडी अर्धा तास बाहेर काढून ठेवावीत, म्हणजे अचानक उष्णता लागून तडकत नाहीत. रुंद पातेल्यात एकाच थरात मांडून, अंडी बुडून वर बोटभर राहील इतके थंड पाणी घालावे आणि मध्यम आचेवर ठेवावे. उकळी फुटल्यावर आच कमी करून दहा ते बारा मिनिटे शिजू द्यावे. लगेच माठातील गार पाण्यात काढावे, ते पाणी कोमट झाले की बदलावे. अंडी पूर्ण गार झाल्यावर कोरडी पुसून फ्रिजमध्ये ठेवावीत. तडा गेलेले अंडे रंगवू नये. तडा रंगाचे पाणी आत ओढतो. ते त्याच वेळी मीठ-मिरपूड लावून संपवावे.

उन्हाविषयी एक नियम काटेकोर पाळावा. उकडलेले अंडे साधारण तापमानात दोन तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये आणि तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर एका तासापेक्षा अधिक नाही, असा अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये घराच्या आतही ३२ अंश सहज ओलांडले जातात. म्हणून सगळी अंडी एकदम टेबलावर काढू नयेत. प्रत्येकाला एकेक देऊन, ते रंगवून झाले की लगेच परत फ्रिजमध्ये जावे आणि मग दुसरे बाहेर यावे. फ्रिजमधून काढलेल्या अंड्यावर दव येते, ते मऊ कापडाने पुसल्याशिवाय रंगात बुडवू नये, नाहीतर ठिपके उठतात.

स्वयंपाकघरातील रंग

खाण्याच्या अंड्यांसाठी मी स्वयंपाकघरातील रंगांनाच पहिली पसंती देईन. बाजारी खाद्यरंग वापरायचे असतील, तर वेष्टनावर परवाना क्रमांक असलेलेच घ्यावेत. रंगपंचमीचे उरलेले रंग, पोस्टर कलर किंवा रांगोळीचे रंग खाण्याच्या अंड्याला कधीही लावू नयेत, कारण कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात.

रंग कवचाला का धरतो, हे समजले की प्रयोग करता येतात. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस त्याचा वरचा थर किंचित खातो, पृष्ठभाग खडबडीत करतो आणि रंगाचे कण कवचावरील प्रथिनांच्या पातळ थराला धरून बसतात. एक लिटर रंगपाण्याला दोन मोठे चमचे व्हिनेगर पुरे. अधिक घातले तर कवचावर बुडबुडे उठून ते भुरभुरीत होते.

कांद्याची साले हा सर्वांत खात्रीचा रंग आहे, आणि या दिवसांत उन्हाळ कांदा बाजारात येत असल्यामुळे भाजीवाल्याकडे साले पिशवीभर मिळतात. बारा-पंधरा कांद्यांची कोरडी लाल साले एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळून गाळावीत आणि पाणी गार झाल्यावर व्हिनेगर घालावे. उकडलेले अंडे त्यात अर्धा तास ठेवले तर नारिंगी, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर विटकरी लाल होते. कच्चे अंडे थेट या पाण्यात उकडले तर रंग आणखी गडद आणि एकसारखा येतो. ग्रीक घरांत लाल अंड्यांसाठी ही साले फार पूर्वीपासून वापरली जातात.

हळदीसाठी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे हळद पंधरा मिनिटे उकळावी. वसमतच्या बाजारातील हळद घरात असेल तर चमचा थोडा कमी भरावा, रंग चांगला उतरतो. पिवळा वीस मिनिटांतच चढतो. निळ्यासाठी जांभळा कोबी लागतो. तो छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांतील मोठ्या भाजीदुकानांत मिळतो. अर्धा गड्डा बारीक चिरून लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळावा. व्हिनेगर घातल्यावर हे पाणी गुलाबी होते आणि पाहणाऱ्याला वाटते की सगळे बिघडले. परंतु कवच अल्कधर्मी असल्यामुळे रात्रभर बुडवलेले अंडे सकाळी सुंदर निळे निघते. आधी हळदीत आणि मग कोबीच्या पाण्यात ठेवलेले अंडे हिरवे होते. मुलांना हा बदल दाखवण्यासाठी तरी कोबी आणावाच.

मराठवाड्याचा आपला रंग म्हणजे पळसाचा. फाल्गुनात वेचून वाळवलेली फुले घरात असतील, तर ती मूठ-दोन मुठी रात्रभर भिजवून सकाळी उकळावीत. केशरी छटेचा मंद पिवळा रंग मिळतो. कोरा कडक चहा तपकिरी देतो, वाळलेली लाल जास्वंद राखाडी-निळा. बीट मात्र दिसते तेवढे देत नाही: पाणी गडद लाल असले तरी अंड्यावर फिकट गुलाबी उतरते आणि तोही लवकर विटतो.

पाणी जपून वापरायचे असेल, आणि या दिवसांत बहुतेक घरांत ते जपावेच लागते, तर मोठी भांडी न घेता स्टीलचे उभे पेले घ्यावेत. एका पेल्यात एक अंडे आणि ते बुडेल एवढेच रंगपाणी पुरते. अंडे चमच्याने सोडावे, दर पाच मिनिटांनी हळूच फिरवावे, काढल्यावर चोळू नये, अंड्याच्या रिकाम्या ट्रेवर वाळू द्यावे. आपली कोरडी हवा येथे मोठी सोय आहे. दहा मिनिटांत अंडे सुकते. मग तेलाचे एक बोट फिरवले की मंद तकाकी येते.

पानांचे ठसे

गटाने करण्यासाठी यापेक्षा चांगला प्रकार मला माहीत नाही, कारण ज्याला चित्र काढता येत नाही त्याचेही अंडे देखणे होते. कोथिंबीर, मेथी, शेवगा, चिंच, लाजाळू यांची लहान, पातळ आणि स्पष्ट कडा असलेली पाने निवडावीत. रस्त्याच्या कडेचे गाजर गवत मुलांनी तोडू नये यावर लक्ष ठेवावे. त्याची पाने नक्षीदार असली तरी अंगाला खाज सुटते.

पान पाण्यात ओले करून अंड्यावर पसरावे, म्हणजे ते आपोआप चिकटते. त्यावर जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा किंवा धुतलेल्या मलमलीचा तुकडा ताणून गुंडाळावा आणि मागे दोऱ्याने घट्ट गाठ मारावी. कापडाला सुरकुती राहिली तर रंग पानाखाली शिरतो, म्हणून गाठ एकाने मारावी आणि कापड दुसऱ्याने ओढून धरावे. हे पुरचुंडीसारखे अंडे कांद्याच्या सालांच्या पाण्यात निदान दोन तास, शक्य तर रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी दोरा कापून पान काढले की लाल जमिनीवर पानाची पांढरी आकृती शिरांसकट दिसते. अंडे आधी हळदीत पिवळे करून घेतले, तर आकृतीही पिवळी येते. शेवग्याच्या तीन-चार पानांची डहाळी अंड्याच्या रुंद भागावर विशेष शोभते.

जपून ठेवण्याची पोकळ अंडी

ही अंडी खायची नसतात, त्यामुळे येथे ॲक्रिलिक रंग, सोनेरी पेन, डिंक, टिकल्या सगळे चालते. कच्चे अंडे धुऊन पुसावे. जाड सुईने किंवा दाभणाने एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला तांदळाएवढे छिद्र हळूहळू फिरवत पाडावे. दाब देऊ नये. लांब सुई आत घालून पिवळा बलक मोडावा. तोंडाने फुंकण्याची जुनी पद्धत मी सुचवणार नाही, कारण कच्च्या अंड्यात रोगजंतू असू शकतात. औषधाच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची सिरिंज सुई न लावता बारीक छिद्राला टेकवून हवा दाबली, की आतील भाग खालच्या वाटीत पडतो. तो ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवावा आणि त्याच दिवशी भुर्जी किंवा केकमध्ये वापरावा. कवचात साबणाचे पाणी भरून दोन-तीनदा हलवून काढावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि दिवसभर उन्हात उपडे ठेवावे. आपले ऊन या एका कामात तरी मदतीचे ठरते.

सजावटीसाठी दूर जाण्याची गरज नाही. पैठणीच्या काठपदरावरील मोर, मुनिया, असावलीची वेल आणि नारळी काठ हे आकार अंड्याच्या गोलाईवर फार चांगले बसतात. अंड्याच्या मध्यावर पेन्सिलीने दोन समांतर रेषा आखाव्यात, त्यांच्यात नारळी काठाची रांग काढावी, वरच्या भागात एकच मोर आणि खाली लहान बुट्ट्या. जमीन जांभळी किंवा हिरवी, नक्षी सोनेरी. बीबी का मकबऱ्यातील जाळीचे षटकोन आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावरील वर्तुळाकार वेलबुट्टी हेही उत्तम नमुने आहेत. तांड्यावरील बंजारा भरतकामाची आठवण देणारे लहान आरसे आणि रंगीत दोरे डिंकाने चिकटवले, तर मुलांनाही छान जमते. मेंदी काढणारी मैत्रीण गटात असेल, तर रिकाम्या कोनात घट्ट ॲक्रिलिक रंग भरून द्यावा. उठावाची नक्षी जी ब्रशने तासभर लागते ती तिच्या हातून काही मिनिटांत उतरते.

ज्यांना सावकाश काम आवडते, त्यांनी मेणाचे तंत्र शिकावे. युक्रेनमधील पिसांका या अंड्यांचे हेच मूळ तंत्र असून २०२४ मध्ये युनेस्कोने त्या परंपरेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. घरी करताना पेन्सिलीच्या रबरात टाचणी खोचून तिचे डोके वितळलेल्या मेणात बुडवावे आणि न फोडलेल्या कच्च्या अंड्यावर ठिपका ठेवून पुढे ओढावे. थेंबाला शेपटी फुटते, असे थेंब गोलाकार मांडले की फूल होते. मग अंडे थंड पिवळ्या रंगात बुडवावे, वाळल्यावर जे पिवळे राहायला हवे तेथे मेण लावावे आणि मग थंड लाल रंगात बुडवावे. फिक्याकडून गडदाकडे हा क्रम चुकवू नये आणि रंग गरम असू नये, नाहीतर मेण सुटते. शेवटी ज्योतीच्या वर न धरता बाजूला धरून मेण मऊ करावे आणि कापडाने पुसावे. सगळे थर एकदम उघडे होतात. पोकळ करण्याचे काम त्यानंतर करावे, कारण पोकळ अंडे रंगात बुडत नाही, तरंगते. लहान मुलांना हा प्रकार मोठ्यांच्या शेजारीच करू द्यावा.

ख्रिस्ताचे चित्र, क्रूस किंवा कोणतेही धर्मचिन्ह काढायचे असेल तर ते या जपण्याच्या अंड्यांवरच काढावे. फोडून साल कचऱ्यात जाणाऱ्या अंड्यावर ते नसावे, असे मला मनापासून वाटते.

अंड्याला हात न लावणारे मित्र

आपल्या मित्रमंडळींत अंडे न खाणारे, त्याला स्पर्शही न करणारे असतातच, आणि त्यांना नुसते पाहत बसवणे योग्य नाही. त्यांच्यासाठी दोन दिवस आधी कागदाची अंडी करावीत. लहान फुगा मुठीएवढा फुगवून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने चार थरांत चिकटवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात; तीव्र उन्हात फुगा फुटतो. वाळल्यावर फुगा काढून, पांढरा रंग देऊन ही अंडी शनिवारी सर्वांबरोबर रंगवायला द्यावीत. त्यांच्यासाठी ब्रश, वाट्या आणि टेबलाची बाजू वेगळी ठेवावी, आणि हे न बोलता करावे.

चॉकलेटची अंडी आपल्याकडे रविवारी दुपारपर्यंत आकार राखत नाहीत. त्याऐवजी काजूकतलीच्या गोळ्याची लहान अंडी वळावीत: अर्धी वाटी पाण्यात एक वाटी साखर घालून एकतारी पाक करावा, त्यात दोन वाट्या काजूपूड घालून गोळा होईपर्यंत ढवळावे, कोमट असताना तुपाच्या हाताने वळावे आणि केशराच्या दुधाने वर रेघा काढाव्यात. अंडे न खाणाऱ्यांनाही ही मनापासून खाता येतात.

रविवार

पहाटेची उपासना हा सणाचा गाभा आहे. ख्रिस्ती मित्राने बोलावले, तर जावे. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील जुन्या चर्चपासून जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या बेथेलपर्यंत मराठवाड्यात मराठीतून उपासना होणारी चर्च आहेत. साधे स्वच्छ कपडे घालावेत, मोबाइल बंद ठेवावा, प्रार्थनेच्या वेळी इतरांबरोबर उभे राहावे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीच्या, वेळी आपल्या जागी शांत बसून राहिले तरी चालते.

उपासनेनंतर घरी न्याहारी आणि खेळ. अंडी शोधण्याच्या खेळात उकडलेली अंडी लपवू नयेत. कागदाची लपवावीत आणि कोठे किती लपवली ते एकाने लिहून ठेवावे. गच्चीऐवजी व्हरांडा, जिन्याखालची जागा, अंगणातील सावली निवडावी आणि खेळ नऊच्या आत संपवावा. उकडलेल्या अंड्यांचा खेळ वेगळा: दोघांनी आपापले अंडे मुठीत धरून टोकाला टोक हलकेच आपटायचे, ज्याचे फुटेल त्याने ते सोलून खायचे आणि ज्याचे टिकेल त्याने पुढच्याशी सामना करायचा. ग्रीसमध्ये हा खेळ लाल अंड्यांनी खेळतात. खेळ लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांना जमतो आणि अंडी वायाही जात नाहीत.

उरलेली उकडलेली अंडी दुपारच्या जेवणात संपवावीत. येसर (भाजलेल्या धान्या-डाळींचे मसालेदार पीठ) घालून केलेला अंड्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी हा माझ्या मते मराठवाड्यातील ईस्टरच्या जेवणाचा उत्तम पर्याय आहे. सोललेल्या अंड्यावर कोठे कोठे रंगाची रेघ दिसेल. रंग स्वयंपाकघरातील असल्यामुळे ती खाण्यास हरकत नाही. सालासकट फ्रिजमध्ये राहिलेली अंडी आठवड्याच्या आत संपवावीत. मधे वीज बराच वेळ गेली असेल, तर आठवड्याची वाट पाहू नये आणि शंका आली तर टाकून द्यावीत.

पोकळ अंड्यांमधून जाड दोरा ओवून, खालच्या टोकाला मणी बांधून ती खिडकीपासून दूर टांगावीत, कारण वनस्पतींचे रंग थेट उन्हात काही आठवड्यांत उडतात. सण झाल्यावर अंड्याच्याच ट्रेमध्ये कापसावर ठेवून ट्रेवर वर्ष लिहावे आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवावे. फोडलेली साले वाळवून चुरडावीत आणि गुलाबाच्या किंवा मिरचीच्या कुंडीतील मातीत मिसळावीत. हळदीचे आणि कांद्याच्या सालांचे पाणी मात्र त्यातील व्हिनेगरमुळे झाडांना घालू नये, ते मोरीत ओतावे.